भुईरिंगणी

मुलांनो, इतवारी हे नाव कसे पडले, ते तुम्हांला समजावून सांगायला नको. मराठीतला रविवार म्हणजे तुमच्या घरातला इतवार. रविवारच्या बाजारावरून या वस्तीला इतवारी म्हणू लागले. आता इथे बाजाराला वाराचे बंधन नाही. सराफा, कापड, किराणा, मसाले, सगळे एका फेरीत मिळते. जडीबुटीची दुकानेही आहेत. पोत्यांत मुळ्या, बरण्यांत बिया, दोरीला टांगलेल्या वाळक्या शेंगा. त्या दुकानांसमोरून जाताना नाकाला आधी कळते की दुकान आले.

अशाच एका दुकानात मागच्या हिवाळ्यात माझा एक विद्यार्थी गेला होता. तो आठवीत शिकतो. त्याच्या दादीला खोकला झाला होता. दादी म्हणाली, “कटेरीची मुळे उकळून प्यायली की घसा मोकळा होतो.” मुलाने विचार केला, विकत कशाला आणायची? रेल्वेलाइनच्या बाजूला काटेरी झुडपे खूप आहेत. त्याने फडके गुंडाळून एक रोप मुळासकट उपटले. घरी नेण्याआधी खात्री करावी, म्हणून तो दुकानात गेला.

“चाचा, ही कटेरीच आहे ना?”

दुकानदार चाचांनी रोपाचे देठ मोडले. त्यातून पिवळा चीक आला. ते म्हणाले, “बेटा, कटेरीतून असा चीक येत नाही. ही सत्यानाशी आहे. हिची मुळे दादीला पाजू नकोस. आणि हात साबणाने धू.”

दुसऱ्या दिवशी तो मुलगा दोन रोपे घेऊन वर्गात आला. एक कालचे आणि एक खरे, चाचांनी ओळख सांगितल्यावर शोधून आणलेले. त्याने ती टेबलावर ठेवली आणि विचारले, “सर, दोन्हींना काटे आहेत. मग चुकलो कुठे?” त्या दिवशी आम्ही धडा बाजूला ठेवला आणि रोपे पाहत बसलो. जे पाहिले, ते तुम्हांला सांगतो.

खऱ्या रोपाचे मराठी नाव भुईरिंगणी. कोणी तिला काटेरिंगणी म्हणतात, कोणी नुसती रिंगणी. हिंदीत ती कटेरी किंवा भटकटैया. युनानी हकीम तिला कटाई खुर्द म्हणतात. खुर्द म्हणजे लहान, हे तुम्ही जाणताच. संस्कृतात ती कंटकारी. भुई म्हणजे जमीन. हे रोप उभे वाढत नाही, जमिनीला चिकटून चहूकडे पसरते. बुडाशी त्याचे खोड लाकडासारखे टणक होते. फांद्या सरळ जात नाहीत, प्रत्येक पेरापाशी वळतात. पडीक जागा, रस्त्याची कड, बांधकामाचा मलबा, शेताचा बांध, कुठेही ते उगवते. त्याला कोणी पाणी घालत नाही. नागपूरचे ऊन तुम्हांला माहीत आहे. मार्च-एप्रिलमध्ये आजूबाजूचे गवत वाळून पिवळे होते, तेव्हाही भुईरिंगणी हिरवी असते आणि तिला फुले येत असतात. तिचे मूळ खोल जाते आणि खालची ओल शोधते.

आता काटे पाहा. पाहा म्हणजे डोळ्यांनी पाहा, बोटांनी नव्हे. ते सरळ, पिवळसर आणि चकचकीत असतात. एकेक काटा दीड सेंटिमीटरपर्यंत लांब होतो. खोडावर काटे, पानाच्या देठावर काटे, पानाच्या शिरांवर वरून आणि खालून काटे, फुलाखालच्या हिरव्या वाटीवरही काटे! बकरी तोंड लावायला येते आणि पुढे निघून जाते.

सगळे काटे सारखे नसतात, ही गोष्ट वर्गात कोणालाच ठाऊक नव्हती. लिंबाचा काटा ही खरे तर एक फांदी आहे. ती वाढून पाने फुटण्याऐवजी टोकदार झाली. बाभळीचे काटे जोडीने येतात. ते पानाच्या बुडाशी असणाऱ्या उपपर्णांचे बनलेले असतात. गुलाबाचा काटा आणखी निराळा. तो खोडाच्या वरच्या सालीतून निघतो. अंगठ्याने बाजूला दाबला की तो सहज निसटतो आणि खाली आतले लाकूड जखमी होत नाही. भुईरिंगणीचे काटे या गुलाबाच्या जातीचे. मराठीत आपण सगळ्यांनाच काटा म्हणतो, म्हणून हा फरक लक्षात राहत नाही.

पान पाच ते दहा सेंटिमीटर लांब असते. त्याच्या कडा खोल कातरलेल्या असतात. पण या रोपाचे खरे ओळखपत्र म्हणजे त्याचे फूल. ते जांभळे असते. पाच पाकळ्या बुडाशी एकमेकींना जोडलेल्या, म्हणून फूल तारेसारखे दिसते. मधोमध पाच पिवळे पुंकेसर एकत्र उभे असतात. त्यांच्यात पिवळी पूड, म्हणजे पराग असतो. बहुतेक फुलांत परागाची पिशवी उभी फाटते आणि पराग बाहेर येतो. इथे तसे होत नाही. मीठदाणीला वर भोक असते ना, तसे प्रत्येक पिशवीच्या टोकाला बारीक भोक असते. पराग त्यातूनच बाहेर पडतो.

मीठदाणी हलवावी लागते. हे फूल कोण हलवते? मोठा काळा भुंगा. तो फुलाला लटकतो, पंख स्थिर ठेवतो आणि छातीचे स्नायू जोरात थरथरवतो. त्या वेळी त्याचा आवाज एकदम बदलतो. थरथरीने पराग भोकातून त्याच्या अंगावर सांडतो. मधमाशीला अशी थरथर करता येत नाही. शिवाय या फुलात मध नसतो, म्हणून तिला इथे काम कमीच. सकाळी शांत जागी भुईरिंगणीजवळ थांबलात, तर भुंग्याच्या आवाजातला तो बदल तुम्हांलाही ऐकू येईल. आमच्या वर्गातल्या दोन मुलींनी तो ऐकला. माझ्या नशिबी मात्र वाहनांचे हॉर्नच आले.

फुलानंतर फळ. ते गोटीएवढे, गोल आणि गुळगुळीत असते. कच्चे असताना हिरवे, त्यावर पांढरे पट्टे. पिकले की पिवळे. आत पुष्कळ चपट्या बिया. मुलाने आणलेले फळ मी चाकूने कापले, तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, हे तर छोटे वांगे आहे!”

तो अगदी बरोबर बोलला. भुईरिंगणी आणि वांगे एकाच घराण्यातले आहेत. पुढच्या वेळी भरल्या वांग्यांसाठी घरी काटेरी वांगी आली, की देठ नीट पाहा. तेच काटे, फक्त कमी. बाजारात काटे नसलेली वांगीही असतात. त्यांचे काटे कुठे गेले? याचे उत्तर शास्त्रज्ञांनी २०२४ साली जाहीर केले. त्यांना आढळले की वांग्यातले एक ठरावीक जनुक बिघडले, तर काटे येत नाहीत. जनुक म्हणजे आईवडिलांकडून बीजात येणारी सूचना. शेतकऱ्याला जनुक ठाऊक नव्हते. पण कमी काट्यांच्या झाडाचे बी राखून ठेवणे त्याला ठाऊक होते. टोमॅटो, बटाटा, तंबाखू, धोतरा आणि आपल्या जिल्ह्यातली भिवापुरी मिरची हेही याच मोठ्या कुळातले. म्हणजे या कुळात रोजचे जेवणही आहे आणि विषही आहे.

नावाची एक गंमत सांगतो. वनस्पतींना सगळ्या जगात चालेल असे एक लॅटिन नाव असते. लिनियस नावाच्या स्वीडनच्या शास्त्रज्ञाने १७५३ साली एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यात त्याने वांग्याला ‘सोलॅनम मेलोन्जेना’ आणि भुईरिंगणीला ‘सोलॅनम व्हर्जिनिअॅनम’ अशी नावे दिली. व्हर्जिनिया तर अमेरिकेत आहे आणि हे रोप आपल्याकडचे! पुढे १७६८ साली बुर्मान याने सुरत शहरावरून ‘सोलॅनम सुरात्तेन्स’ असे नाव दिले. ते खरे तर अधिक शोभणारे होते. पण नियम असा आहे की जे नाव आधी छापले गेले, तेच चालते. म्हणून आपल्या मलब्यावर वाढणाऱ्या रोपाच्या नावात आजही अमेरिका आहे. नागपूर जिल्ह्यातील वनस्पतींवर एन. आर. उगेमुगे यांचा ‘फ्लोरा ऑफ नागपूर डिस्ट्रिक्ट’ हा इंग्रजी ग्रंथ १९८६ साली निघाला. मोठ्या वर्गात गेलात आणि ग्रंथालयात तो दिसला, तर जरूर उघडा.

आता ते दुसरे रोप. मराठीत त्याला पिवळा धोत्रा म्हणतात. नावात धोत्रा असला, तरी ते धोतऱ्याच्या कुळातले नाही, अफूच्या कुळातले आहे. ते मूळचे मेक्सिकोकडचे. त्याचे पान निळसर-राखी, शिरा पांढऱ्या, कडांना काटे. फूल पिवळे, पाकळ्या पातळ आणि सुट्या. फळ लांबट आणि काटेरी, त्यात मोहरीसारखे काळे दाणे. देठ मोडला की पिवळा चीक. काही लोक त्यालाही पिवळी कटेरी म्हणतात, आणि गोंधळाचे कारण तेच आहे. दादीने नाव बरोबर सांगितले होते. मुलाने काटेही बरोबर पाहिले होते. फूल मात्र त्याने पाहिलेच नव्हते.

ही चूक लहान वाटेल, पण हे रोप पोटात गेले की काय होते ते ऐका. १९९८ साली दिल्लीत पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळलेले मोहरीचे तेल लोकांच्या स्वयंपाकात आले. लोकांचे पाय सुजले, श्वास लागू लागला, हृदयावर ताण आला. हजारो लोक आजारी पडले आणि ६० हून अधिक दगावले. त्या बियांचे दाणे मोहरीत मिसळले, तर पटकन ओळखू येत नाहीत.

मग खरी भुईरिंगणी निर्धोक आहे का? तसेही नाही. आयुर्वेदातील दशमुळांत तिचे मूळ धरतात. दशमुळे म्हणजे दहा वनस्पतींची मुळे. त्यांतच तिची मोठी बहीण डोरलीही आहे. डोरली उभी वाढते, माणसाच्या छातीपर्यंत येते. तिचे काटे वाकडे आणि फळे लहान. हकीम आणि वैद्य दोघेही खोकला-दम्यासाठी भुईरिंगणी वापरत आले आहेत. पण किती, कशाबरोबर आणि कोणाला, हे ते ठरवतात. तिच्या फळांत वनस्पतीने स्वतःच्या रक्षणासाठी तयार केलेली कडू, विषारी द्रव्ये असतात. लहान मुले पिवळ्या फळांना गोट्या समजून खेळतात. धाकट्या भावंडाने एखादे तोंडात घातले, तर ते काढून टाका, तोंड धुवा आणि फळ बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जा. फळ दाखवले की डॉक्टरांचे काम सोपे होते.

माझ्या नानीच्या घरी दात दुखला की निखाऱ्यावर भुईरिंगणीच्या बिया टाकून तोंडात धूर घेत. मग कोणी पाण्याच्या वाटीत पांढरे बारीक वळवळे दाखवी आणि म्हणे, “पाहा, दातातले किडे पडले!” मी लहानपणी ते पाहून थक्क झालो होतो. पुढे बीएडच्या आधी बी.एस्सी.ला बिया कापल्या, तेव्हा उलगडा झाला. या कुळातल्या बियांमध्ये इवलासा गर्भ कमानीसारखा वाकलेला असतो. अशीच समजूत खुरासानी ओव्याच्या धुराबद्दलही आहे, आणि तोही याच कुळातला. त्याच्या बिया तापल्या की फुटतात आणि वाकडे पांढरे गर्भ बाहेर पडतात. लोक त्यांनाच किडे समजत. दातात असे किडे नसतातच. नानीला हे सांगायचे धाडस मला झाले नाही.

दादीला शेवटी दवाखान्यात नेले. खोकला साधाच होता. आमच्या वर्गाच्या खिडकीत मात्र एक कुंडी आली. त्या मुलाने पिकलेल्या फळातल्या बिया त्यात पेरल्या. पहिली दोन पाने आली, ती अगदी मऊ आणि गुळगुळीत होती. मुले निराश झाली. “सर, पुन्हा चुकीचे रोप!” मी म्हटले, थांबा. काही दिवसांनी पुढचे पान उघडले. भिंगातून पाहिले, तर मधल्या शिरेवर केसाएवढा एक काटा उभा होता.

स्वाध्याय

१. दुकानदार चाचांनी रोप कसे ओळखले?
२. लिंबाचा, बाभळीचा आणि भुईरिंगणीचा काटा यांत काय फरक आहे, ते दोन-तीन वाक्यांत लिहा.
३. भुईरिंगणीच्या फुलाला भुंग्याची गरज का असते?
४. इतवार, खुर्द, दादी यांसारखे तुमच्या घरात आणि या पाठात सारखेच असलेले आणखी तीन शब्द शोधा.
५. शाळेच्या वाटेवर काटेरी रोप दिसले, तर हात न लावता त्याच्या फुलाचे चित्र काढा. रंग, पाकळ्यांची संख्या आणि त्या जोडलेल्या आहेत की सुट्या, हे खाली लिहा.