अर्ध्यावर सोडलेल्या पुस्तकाबद्दल बोलावं का?

प्रश्न : आमच्या सोसायटीत महिन्यातून एकदा वाचनकट्टा भरतो. सध्या काय वाचतोय ते प्रत्येकाने सांगायचं. बाकीचे जाडजूड कादंबऱ्यांवर बोलतात. मी वाचते रहस्यकथा. 'कोसला' तीनदा सुरू करून अर्धीच राहिली. मी सुचवलेलं एक पुस्तक मैत्रिणीला आवडलं नाही, तेव्हापासून गप्पच बसते. काय करू?
– एक वाचक भगिनी, सांगली

उत्तर : ताई, कट्टा म्हणजे तोंडी परीक्षा नव्हे. 'सध्या काय वाचताय' म्हटलं की पुस्तक संपलेलं नाही हे आलंच. 'कोसला' कुठे सोडली आणि का, एवढं सांगा. निम्मा कट्टा बोलता होईल. (१९६३ साली आलेली ती कादंबरी अर्ध्यावर ठेवणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही!) रहस्यकथांची तर लाजच नको. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर लिहिल्या आणि कित्येकांना वाचनाची चटक लावली. फक्त खुनी कोण ते फोडू नका.

सुचवताना मात्र आधी माणूस बघावा. ग्रंथालयाच्या काउंटरवर मी विचारतो, "याआधी कोणतं आवडलं होतं?" प्रवासात वाचायला छोटंसं हवं असेल तर माडगूळकरांची 'बनगरवाडी' काढून देतो, आत्मचरित्र हवं असेल तर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. तरीही काही जण "नाही जमलं" म्हणत पुस्तक परत ठेवतात. तो तुमच्या आवडीचा अपमान नसतो. मैत्रिणीला नेमकं काय खटकलं ते विचारा. पुढचं पुस्तक त्यातूनच सापडेल.

स्वतःची प्रत देणार असाल तर वहीत नाव-तारीख टिपून ठेवा. परत मागताना संकोच नको.