घटक ४ : आश्वासनाची भाषा आणि खोती-निर्मूलन

४.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस –
• राजकीय आश्वासनाच्या वाक्यरचनेचे विश्लेषण करता येईल.
• आश्वासन आणि त्याची पूर्तता यांतील अंतर एका ऐतिहासिक उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करता येईल.

४.२ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, मध्यममार्गी राजकारणी पुरोगामी आश्वासने पाळतील असा भरवसा धरावा काय, हा प्रश्न नवा नाही. परस्परविरोधी हितसंबंधांच्या लोकांना एकाच पक्षात सांभाळणारा, तो मध्यममार्गी असे येथे समजू. त्याच्याविषयीचा निर्णय आपण बहुधा त्याच्या स्वभावावरून देतो. परंतु बोलणाऱ्याचे मन आपणांस दिसत नाही. त्याचे वाक्य मात्र तपासता येते. ही तपासणी कशी करावी, हे रत्नागिरी जिल्ह्यातील खोती पद्धतीच्या इतिहासावरून पाहू.

४.३ खोती : आश्वासन ते कायदा

खोत हा गावाचा सारा सरकारात भरणारा, बहुधा वंशपरंपरेने चालत आलेला मध्यस्थ होता. कुळांकडून होणारी वसुली आणि सरकारी भरणा यांतील फरक हे त्याचे उत्पन्न. १८८० च्या खोती कायद्याने या संबंधांना नियमांची चौकट दिली. तथापि पिकातील मोठा वाटा आणि वेठ यांचे ओझे कुळांवर राहिलेच.

डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूर येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाने शेतीविषयक कार्यक्रम स्वीकारला. खंडात कपात, कुळाला स्थैर्य, वेठ व सरंजामी वसुली बंद करणे ही त्यातील आश्वासने होत. जुलै १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळ गंगाधर खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ अधिकारावर आले. खेर यांचा जन्म रत्नागिरीचाच. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक विधिमंडळात मांडले. त्यांचे मूळ गाव आंबडवे हेही याच जिल्ह्यातील, मंडणगड तालुक्यातले. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेला. शिष्टमंडळ मुख्यमंत्र्यांना भेटले. विधेयक मात्र मंजूर झाले नाही.

१९३९ मध्ये कूळकायदा झाला. पण आरंभी तो मोजक्याच जिल्ह्यांत लागू झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. १९४६ मध्ये खेर पुन्हा मुख्यमंत्री झाले. त्यांच्याच कारकिर्दीत १९४९ चा खोती-निर्मूलन कायदा आला आणि १५ मे १९५० पासून अंमलात आला. खोताची खासगी जमीन त्याच्याकडेच राहिली. कसणाऱ्या कुळाला खरेदीदार मानणारी तरतूद १ एप्रिल १९५७ पासून लागू झाली.

‘वचन मोडले’ किंवा ‘वचन पाळले’ यांपैकी कोणतेही एक विधान येथे पुरेसे नाही. काम झाले, आणि ते त्याच नेत्याच्या हातून झाले. परंतु विधेयक मांडल्यापासून कायदा अंमलात येईपर्यंत साडेबारा वर्षांहून अधिक काळ गेला. मोर्चात चालणाऱ्या वृद्ध कुळाच्या दृष्टीने हा विलंब म्हणजे जवळजवळ नकारच होय.

४.४ वाक्यांचे विश्लेषण

ऑस्टिन या तत्त्वज्ञाने १९५५ मधील हार्वर्ड येथील व्याख्यानांत असे मांडले की, काही वाक्ये माहिती देत नाहीत, ती कृतीच करतात. वचन देणे ही अशीच उक्तिकृती आहे. आपल्या विषयावरील पुढील वाक्ये पाहा. ती अभ्यासासाठी रचलेली आहेत.

(१) आम्ही या अधिवेशनात खोती रद्द करू.
(२) आपण खोती रद्द करू.
(३) योग्य वेळी खोती रद्द करण्यात येईल.
(४) खोती रद्द व्हावी, असे आमचे मत आहे.

पहिल्या वाक्यात कर्ता, कृती आणि मुदत तिन्ही आहेत. म्हणून ते वचन होय. दुसऱ्या वाक्यातील ‘आपण’ श्रोत्यालाही सामावून घेते. मराठीत ‘आम्ही’ श्रोत्याला वगळते; त्यामुळे जबाबदारी बोलणाऱ्यावर राहते. ‘आपण’ म्हणताच ती वाटली जाते आणि ‘करू’ला आवाहनाचा अर्थ येतो. तिसऱ्या वाक्यात ‘-ण्यात येईल’ या रचनेमुळे कर्ता नाहीसा होतो आणि ‘योग्य वेळी’मुळे मुदतही. चौथ्यातील ‘व्हावी’ हे विध्यर्थी रूप केवळ इच्छा सांगते. ही चारही वाक्ये सभेत सारख्याच टाळ्या मिळवतील. वर्षभराने जाब विचारता येईल तो फक्त पहिल्याबद्दल.

विधेयक हा भाषाप्रकार या दृष्टीने महत्त्वाचा आहे. कोणते हक्क संपतील, कोणाला कोणता अधिकार मिळेल, हे त्याला कलमवार सांगावे लागते. आंबेडकरांच्या विधेयकाने सर्वसाधारण आश्वासनाला अशा तपासता येणाऱ्या मजकुरासमोर उभे केले.

४.५ सारांश

मध्यममार्गी नेत्याला दोन्ही बाजू सांभाळायच्या असतात. त्यामुळे त्याची भाषा संदिग्धतेकडे झुकते. ती नेहमी लबाडीच असते असे नाही. दिरंगाईची किंमत पूर्ततेपेक्षा जड होते, तेव्हा तो हलतो. ती किंमत वाढविण्याचे काम कुळांच्या संघटनेने, मोर्चाने आणि विधेयकाने केले. अलिबागजवळील चरी येथे १९३३ पासून सुमारे सहा वर्षे चाललेला शेतकऱ्यांचा संप हेही त्याचेच उदाहरण. म्हणून अशा नेत्यावर भरवसा ठेवावा तो त्याच्या वाक्यात कर्ता आणि मुदत जितकी स्पष्ट असेल तितका, आणि ते वाक्य लक्षात ठेवणारे लोक जितके संघटित असतील तितका.

४.६ स्वयं-अध्ययन प्रश्न व उपक्रम

(१) ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतील फरक राजकीय भाषणाच्या संदर्भात स्पष्ट करा.
(२) खोती-निर्मूलनाच्या बाबतीत आश्वासन पाळले गेले असे आपणांस वाटते काय? सकारण लिहा.
(३) कोणत्याही एका पक्षाच्या जाहीरनाम्यातील दहा वाक्ये निवडा. प्रत्येकातील कर्ता व मुदत शोधा. जेथे ती सापडत नाहीत, तेथे वाक्य पुन्हा लिहून पाहा.
(४) आपल्या घरी शेतजमीन असल्यास सातबारा उतारा आणि जुने फेरफार वाचा. कुळाची नोंद असल्यास ती कोणत्या वर्षाची आहे, याची टिपणवहीत नोंद करा.