सीटखालचा स्विच

चेन्नईत ईशान्य मोसमी पाऊस ओसरला की मैदानांवर गवत माजतं, आणि नेमका तेव्हाच मॉवर रुसतो. इथल्या एका संस्थेची मैदानं आणि यंत्रं माझ्याकडे आहेत. डिसेंबर 2023 मध्ये मिचौंग चक्रीवादळाच्या पावसात शेडचं छप्पर थेट मॉवरच्या सीटवर गळलं. मी तेव्हा साताऱ्याला, घरी. इकडे किल्ली फिरवली तर यंत्र ढिम्म. बोलावलेल्या मेकॅनिकने सीटखाली डोकावून तोडगा काढला, "डायरेक्ट पण्णिडलाम, सार," म्हणजे थेट जोडून टाकू. चालक उठताच इंजिन बंद करणाऱ्या सीट-स्विचच्या दोन वायरी एकमेकींना पिळल्या, मॉवर सुरू. सगळे खूश.

पुढे आमचे माळीअण्णा अडकलेली नारळाची झावळी काढायला खाली उतरले. इंजिन चालू, पाती फिरतीच. झावळी काठीने ओढत होते म्हणून हात वाचला. काठीचं टोक मात्र पात्यांनी खाल्लं.

मी परतल्यावर ती गाठ सोडली. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट कळंक चढला होता. समुद्राकाठची खारी हवा, त्यात पाणी. खरा दोष एवढाच, असं वाटलं! पिना घासून पुसल्या, पण सीटच्या बिजागरीपाशी वायरही मऊ लागली. वरचं वेष्टण शाबूत, आतलं तांबं तुटत आलेलं. सीट उघडता-मिटता ती तिथेच दुमडते. स्विच बदलण्याआधी ही वायर वाकवून पाहावी.

तुमचाही मॉवर सुरू होत नसेल, तर किल्ली फिरवल्यावर आधी कान द्या. टक्क आवाज आला, पण स्टार्टर फिरला नाही, तर सुरक्षा स्विच बहुधा ठीक आहेत. बॅटरी, तिची टर्मिनल्स आणि सोलेनॉइड पाहा. विश्रांतीत बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास हवी, 12.2 म्हणजे निम्मी उतरलेली. आवाजच नाही, तर फ्यूज, मग किल्लीचा स्विच, ब्रेक, पाती आणि सीट यांचे स्विच एकेक करून तपासा. इंजिन सुरू होऊन ब्रेक सोडताच बंद पडत असेल, तर संशय सीटवर. इथल्या रिची स्ट्रीटवर मिळणारा साधा मल्टिमीटर या कामाला पुरतो. मात्र वायर सलग आहे का हे त्याच्या बीपवरून तपासण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, आणि पात्यांजवळ हात घालण्याआधी प्लगची कॅपही.

एक सावधगिरी. मॅग्नेटोच्या इंजिनात किल्लीच्या स्विचमधून एक वायर कॉइलकडे जाते. तिचं काम कॉइल ग्राउंड करून इंजिन बंद करणं. तिला चुकून 12 व्होल्ट दिले तर कॉइल जळू शकते. म्हणून वायरिंगचा नकाशा जवळ नसेल तर अंदाजाने वायरी जोडू नका. शिवाय काही सीट-स्विच दाबल्यावर सर्किट जोडतात, काही दाबल्यावर तोडतात, त्यामुळे सगळ्यांना एकच युक्ती लागू पडत नाही.

दुरुस्ती झाली की सपाट, मोकळ्या जागी, जवळ कुणी नसताना पाती चालू करा आणि सीटवरून किंचित उठा. इंजिन बंद पडलं नाही, तर मॉवर शेडमध्ये ठेवा आणि किल्ली स्वतःच्या खिशात.