कर्ज देणाऱ्याच्या गाडीतून उतरू नका

परदेशातला एखादा तरुण कॅमेरा घेऊन शिरोळ-हातकणंगल्याकडे येतो, किंवा कोल्हापुरात चित्रपट-पत्रकारिता शिकलेली आपली मुलगी तोच कॅमेरा घेऊन बांगलादेशात नाहीतर केनियात जाते. दोघांच्या पुढ्यात काम एकच असतं: छोट्या कर्जावर उभ्या राहिलेल्या बाईची पाच-सात मिनिटांची फिल्म. मानधन नसतं, राहण्या-जेवण्याची सोय कर्ज देणारी संस्था करते, गावात तिचाच माणूस नेतो, बाईचं बोलणंही तोच समजावून सांगतो. जाणारी मुलं मनाने चांगली असतात, पदरचे पैसे घालून जातात. त्यांना माझं सांगणं एवढंच आहे, की कर्जदार बाईचं चित्रण करायचं असेल तर कर्ज देणाऱ्याच्या गाडीतून तिच्या दारात उतरू नका. पुढे कितीही प्रामाणिकपणे काम केलं, तरी फिल्मचा निम्मा निकाल त्या गाडीने आधीच लावलेला असतो.

असं का, ते या कर्जाची रीत पाहिली की कळतं. मायक्रोफायनान्सच्या कर्जाला तारण लागत नाही, पण ग्रुपमधल्या बायका एकमेकींना बांधलेल्या असतात. हप्त्याच्या दिवशी कुणाच्या तरी सोप्यात त्या ओळीने बसतात. प्रत्येकीच्या हातात लोन कार्ड, कार्डात घडी घातलेल्या नोटा, आणि समोर मोटारसायकलवरून आलेला फायनान्सचा पोरगा. एकीचे पैसे कमी पडले तर बाकीच्यांनी काढून द्यायचे. ते जमेपर्यंत कुणी उठायचं नाही, असंही कितीतरी ठिकाणी चालतं. पुढचं मोठं कर्ज मिळणार की नाही, यातही त्याच्या शब्दाला वजन असतं. आता तोच पोरगा पाहुण्यांना घेऊन येतो आणि म्हणतो, "मावशी, लांबून आल्यात ही माणसं, जरा चार शब्द चांगलं बोला." ती नाही कशी म्हणेल? अशा होकाराला संमती म्हणणं मला पटत नाही. कागदावर सही असली, अंगठा असला, तरी नाही.

दुसरी अडचण वेळेची. आपल्या भागात अशा कर्जाचं ठरलेलं दृश्य म्हणजे म्हैस. दुधाची धार, किटली घेऊन डेअरीकडे निघालेली बाई, दहा दिवसांनी हातात पडणारं दुधाचं बिल. कॅमेऱ्याला हे सगळं फार मानवतं, आणि त्यात खोटं काही नाही. पण पाहुण्यांना दाखवली जाते ती दुभती म्हैस. ती आटली की पुढच्या वेतापर्यंत काही महिने भाकड जातात. वैरण, पेंड चालूच राहते, बिल बंद होतं आणि हप्ता मात्र थांबत नाही. हिशेब करून पाहा. ४० हजारांचं कर्ज, घटत्या शिलकीवर वर्षाला २४ टक्के व्याज आणि २ वर्षांची मुदत धरली, तर महिन्याला सुमारे २,११५ रुपये भरावे लागतात; एकूण परतफेड साडेपन्नास हजारांच्या वर जाते. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनी या व्याजावरची कमाल मर्यादा काढली, आणि घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत अशी अट घातली. भाकड महिन्यांत हे २,११५ रुपये कुठून येतात? भांगलणीच्या मजुरीतून, नवऱ्याच्या पगारातून, गहाण टाकलेल्या कानातल्यांतून, की दुसऱ्या फायनान्सच्या कर्जातून? माझ्या लेखी फिल्मचा खरा विषय इथे सुरू होतो, आणि नेमकं इथे न्यायला संस्थेची गाडी येत नाही.

यावर कुणी म्हणेल, की फायदा झालेल्या बायका आहेतच ना, त्यांची गोष्ट का सांगू नये? जरूर सांगावी. पण एका बाईच्या गोष्टीवरून कर्जाचा गुण ठरवू नये. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादच्या वस्त्यांमध्ये केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. कर्जामुळे काही घरांत धंद्यात पैसे गुंतवले गेले, टिकाऊ वस्तू आल्या. पण मुलांचं शिक्षण, आरोग्य आणि घरात बाईच्या शब्दाला असलेली किंमत यांत म्हणावा असा फरक आढळला नाही. त्याच वेळी बोस्निया, इथिओपिया, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्कोतले अभ्यासही बाहेर आले आणि सूर तोच निघाला: थोडाफार उपयोग, कायापालट नाही. फिल्मवाल्याला मात्र कायापालटच मागितला जातो. आपल्या कोल्हापूर जिल्ह्याने या कर्जाची दुसरी बाजू पाहिली आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात घरं पाण्याखाली गेली, पाठोपाठ कोरोना आला. २०२० मध्ये हप्ते लांबवायची सवलत मिळाली, पण व्याज चढतच राहिलं. वसुलीच्या जाचाविरुद्ध बायका मोर्चे घेऊन रस्त्यावर आल्या. फिल्ममध्ये हसणाऱ्या आणि मोर्चात चालणाऱ्या बायका दोन वेगळ्या जगांतल्या नसतात.

इथे एक फरक जपायला हवा. बचत गट आणि फायनान्स कंपनी एका पारड्यात घालू नयेत. गटात आधी बायकांची स्वतःची बचत साठते, व्याज पुष्कळसं गटातच राहतं, कुणाला किती द्यायचं हे त्या ठरवतात. नाबार्डने १९९२ मध्ये गट बँकांशी जोडायला सुरुवात केली ती याच पायावर. म्हसवडला १९९७ साली चेतना सिन्हांच्या पुढाकाराने उभी राहिलेली माणदेशी महिला बँकही बायकांच्या मालकीची आहे. बाहेरून येणाऱ्याला हे सगळं सारखंच दिसतं, कारण दृश्यं सारखीच असतात: गोलात बसलेल्या बायका, वही, नोटा. म्हणून पहिला प्रश्न विचारावा तो असा, की व्याजाचा पैसा शेवटी कुणाकडे जातो?

संस्थेशिवाय गावात शिरायचं कसं, ही हरकत खरी आहे. पण दारं पुष्कळ आहेत. आशाताई, अंगणवाडीच्या बाई, दूध संस्थेचे सचिव, शाळेतले गुरुजी यांच्या ओळखीने जा. त्यांचेही हितसंबंध असतात, मात्र हप्ता गोळा करणं हे त्यांचं काम नसतं. दुभाषा बाई असावी आणि गावाबाहेरची असावी. चांगल्या फिल्ममुळे निधी येतो, तो अडवून गरिबांचंच नुकसान होईल, असंही म्हटलं जातं. त्यावर एक उदाहरण पाहा. छोट्या कर्जांसाठी इंटरनेटवरून लोकांचे पैसे गोळा करणाऱ्या किवा या संस्थेच्या संकेतस्थळावर पैसे देणाऱ्यांना वाटायचं, की आपण फोटोतल्या बाईलाच कर्ज देतो आहोत. प्रत्यक्षात बहुतेक कर्जं आधीच दिलेली असत. २००९ मध्ये संशोधक डेव्हिड रूडमन यांनी हे उघड मांडलं, तेव्हा किवाने आपली मांडणी बदलली, आणि तरीही संस्था चालू राहिली. खरं सांगितल्याने देणारे पळतात, ही भीती अवास्तव आहे.

उलट्या टोकाला जाऊन प्रत्येक कर्जदार बाईला पिचलेली दाखवणं हाही तिच्यावर अन्यायच आहे. तिच्या बाजूने पाहिलं तर ही दोन्ही टोकं टळतात. बाबूराव पेंटरांनी याच कोल्हापुरात १९२५ साली 'सावकारी पाश' हा चित्रपट काढला. गावातल्या कर्जाची कथा कर्जदाराच्या उंबऱ्यातून पाहण्याची ओळख या शहराला शंभर वर्षांपासून आहे. तो उंबरा गाठायला वेळ लागतो. पहिल्या भेटीत कॅमेरा बाहेर काढू नये. हप्त्याच्या दिवशी जावं, कर्ज फिटल्यावर पुन्हा जावं. दोन वर्षांच्या कर्जाची फिल्म सहा आठवड्यांत पुरी होत नाही. चित्रीकरण कुणाच्या ताब्यात राहील आणि संस्थेला ते जाहिरातीत वापरता येईल का, हे निघण्याआधी लेखी ठरवून घ्यावं. आणि फिल्म जोडून झाली की आधी त्या बाईला तिच्या घरी, फायनान्सचं कुणी नसताना दाखवावी. तिने एखादा भाग काढा म्हटलं, तर तो काढावा. कारण विचारू नये.