निळा प्रकाश, उन्हातली त्वचा आणि वांग

निळा प्रकाश म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशातला साधारण ४०० ते ५०० नॅनोमीटर तरंगलांबीचा भाग. ४०० नॅनोमीटरच्या खाली न दिसणारे अतिनील किरण असतात. उन्हाने त्वचा भाजते ती मुख्यतः त्यांच्यामुळे, म्हणून त्वचेच्या रक्षणाचा विचार अनेक दशके त्यांच्यापुरताच झाला. जमिनीवर पोहोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेत मात्र अतिनील किरणांचा वाटा ५ टक्क्यांच्या आसपास असतो, तर दृश्य प्रकाशाचा ४० टक्क्यांहून अधिक. या दृश्य प्रकाशातला निळा भाग सावळ्या आणि गव्हाळ त्वचेवर काळसर डाग उठवू शकतो, हे गेल्या १५ वर्षांत स्पष्ट झाले आहे.

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात या प्रकाशाची कमतरता कधीच नसते. साक्री गाव सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या अखेरच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्यास भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, आणि डिसेंबरातही दुपारचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४५ अंश वर असतो. तालुक्यातल्या शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ पासून उभा आहे, तो याच प्रखर उन्हाच्या भरवशावर. उन्हाळी कांद्याची काढणी, कपाशीची वेचणी, मजुरी, आठवडे बाजार आणि दुचाकीवरचा प्रवास यांत येथील माणसाच्या चेहऱ्यावर आणि हातांवर दिवसाचे कित्येक तास ऊन पडते.

त्वचेत काय घडते

त्वचेचा रंग मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे असतो आणि ते मेलॅनोसाइट नावाच्या पेशी तयार करतात. या पेशींत ऑप्सिन-३ हे प्रकाश ओळखणारे प्रथिन असते. निळा प्रकाश पडला की ते जागे होते आणि पेशी जास्त मेलॅनिन बनवू लागतात. फ्रान्समधील नीस येथील संशोधकांनी २०१८ मध्ये ही साखळी दाखवून दिली. त्याआधी २०१० मध्ये अमेरिकेत झालेल्या प्रयोगात गडद वर्णाच्या लोकांच्या त्वचेवर दृश्य प्रकाशाने काळेपणा आला आणि तो बराच काळ टिकला. गोऱ्या त्वचेवर तसा परिणाम दिसला नाही. खानदेशातील बहुतेक लोकांची त्वचा गव्हाळ ते गडद सावळी असते. तिला उन्हाने भाजण्याचा धोका कमी असला तरी डाग पडण्याचा धोका अधिक असतो.

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे वांग. गाल, कपाळ, नाक आणि वरचा ओठ यांवर दोन्ही बाजूंना सारखे, तपकिरी, कडा अस्पष्ट असलेले डाग म्हणजे वांग. गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या आणि आनुवंशिकता ही त्याची कारणे आहेत, आणि ऊन ते वाढवते. चुलीजवळची धगही त्यात भर घालू शकते. पुटकुळी, जखम किंवा भाजल्यानंतर राहिलेले काळे डागही दृश्य प्रकाशाने अधिक गडद होतात आणि लवकर जात नाहीत.

मोबाईलचा प्रकाश किती घातक

मोबाईल, संगणक आणि घरातले एलईडी दिवे निळा प्रकाश देतात, पण दुपारच्या उन्हाच्या तुलनेत तो शेकडो पटींनी कमी असतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वांग असलेल्या व्यक्तींच्या चेहऱ्यावर २० सेंटीमीटर अंतरावरून, रोज ८ तास, सलग ५ दिवस प्रखर पडद्याचा प्रकाश टाकण्यात आला. वांग वाढले नाही. त्यामुळे पडद्याच्या प्रकाशापासून वाचवणारे म्हणून विकले जाणारे वेगळे मलम विकत घेण्याचे कारण नाही. रात्री मोबाईल पाहण्याचा खरा तोटा झोपेला होतो, कारण निळ्या प्रकाशाने झोपेला मदत करणारे मेलाटोनिन कमी तयार होते. झोपण्यापूर्वी तासभर मोबाईल बाजूला ठेवणे त्यासाठी हिताचे आहे.

मानवनिर्मित प्रकाशांत वेल्डिंगचा प्रकाश मात्र खरोखर घातक आहे. त्यात तीव्र अतिनील किरण आणि निळा प्रकाश दोन्ही असतात. अवजारे दुरुस्त करणाऱ्या कारागिरांनी पूर्ण चेहरा झाकणारी ढाल, चामडी हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा जाड सदरा वापरावा. शेजारी उभे राहून पाहणाऱ्या मुलांना दूर ठेवावे.

नवजात बाळाच्या काविळीवर रुग्णालयात ४६० ते ४९० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशानेच उपचार होतात. तो प्रकाश मोजलेला असतो, बाळाचे डोळे झाकलेले असतात आणि बाळावर देखरेख असते. या उपचाराची भीती बाळगू नये, आणि त्याऐवजी बाळाला घरी उन्हात ठेवण्यावर विसंबू नये.

सावली आणि कापड

संरक्षणाचा पहिला उपाय सावलीचा आहे. शक्य ती कामे सकाळी लवकर आणि दुपारी ४ नंतर करावीत. सकाळ-संध्याकाळ अतिनील किरण झपाट्याने कमी होतात, पण दृश्य प्रकाश तितक्या वेगाने घटत नाही. म्हणून ज्यांना वांग आहे त्यांनी त्या वेळीही चेहरा झाकावा. भिंतीच्या आडोशाला थेट ऊन नसले तरी उघड्या आकाशातून विखुरलेला निळा प्रकाश येतच राहतो. दाट कडुनिंबाखालची सावली त्यापेक्षा चांगली, कारण तिथे आकाशही झाकले जाते. साधी काच अतिनील किरणांचा एक भाग अडवते, पण निळा प्रकाश तिच्यातून आरपार येतो. त्यामुळे एसटी, ट्रक किंवा ट्रॅक्टर चालवणाऱ्यांनी उजवा हात आणि गाल झाकण्याची सवय ठेवावी.

दुसरा उपाय कापडाचा. दाट विणीचे कापड प्रकाश चांगला अडवते, तर विरळ विणीचे पांढरे कापड ओले झाले की बराच प्रकाश आत सोडते. गडद रंग अधिक प्रकाश अडवतो, पण खानदेशातल्या उन्हाळ्यात तो तापतोही. म्हणून फिक्या रंगाचे जाडसर सुती कापड, दुहेरी घेतलेला पदर किंवा ओढणी, डोक्याला बागायती रुमाल आणि चारही बाजूंनी रुंद काठाची टोपी हा व्यवहार्य मेळ आहे. कापणी-वेचणीच्या वेळी जुन्या सदऱ्याच्या लांब बाह्या हातांचे चांगले रक्षण करतात.

सनस्क्रीन निवडताना

सनस्क्रीनवरचा एसपीएफ हा आकडा मुख्यतः त्वचा भाजवणाऱ्या अतिनील किरणांपासूनचे संरक्षण सांगतो. निळ्या प्रकाशाबद्दल तो काहीच सांगत नाही. रंगहीन, चेहऱ्यावर न दिसणारे सनस्क्रीन दृश्य प्रकाश जवळजवळ तसाच जाऊ देते. निळा प्रकाश अडवण्यासाठी सनस्क्रीनमध्ये आयर्न ऑक्साइड हवे, आणि त्यामुळे त्याला त्वचेसारखा तपकिरी रंग असतो. घटकांच्या यादीत ते नावाने किंवा ७७४९१, ७७४९२, ७७४९९ या क्रमांकांनी लिहिलेले असते. मेक्सिकोतील सान लुइस पोतोसी हे शहर साक्रीच्या जवळपासच्याच अक्षांशावर आहे. तेथे २०१४ मध्ये वांगाच्या रुग्णांना ८ आठवडे एकच औषध देऊन दोन प्रकारच्या सनस्क्रीनची तुलना केली गेली. आयर्न ऑक्साइड असलेले सनस्क्रीन वापरणाऱ्यांचे वांग अधिक कमी झाले.

चेहरा आणि मान यांसाठी दोन बोटांच्या लांबीइतके सनस्क्रीन घ्यावे, बाहेर पडण्याआधी १५ ते २० मिनिटे लावावे आणि उन्हात असल्यास दर दोन तासांनी पुन्हा लावावे. घाम पुसल्यावर ते निघून जाते, हे लक्षात ठेवावे. प्रत्येकाला ते परवडेलच असे नाही. ज्यांना वांग किंवा काळे डाग नाहीत त्यांना सावली आणि कापड पुरेसे आहे. ज्यांना ते आहेत त्यांनी पैसे खर्च करायचेच तर गोरेपणाच्या मलमाऐवजी रंगीत सनस्क्रीनवर करावेत.

काय टाळावे

लिंबाचा रस चेहऱ्यावर लावून उन्हात जाऊ नये. त्यातील घटकांची अतिनील किरणांशी प्रक्रिया होऊन त्वचा भाजते आणि काळे चट्टे उठतात. हळद किंवा बेसन लावल्याने उन्हापासून संरक्षण मिळत नाही. दुकानात सहज मिळणारी, स्टेरॉइड मिसळलेली मलमे सुरुवातीला चेहरा उजळवतात. नंतर त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुटकुळ्या येतात आणि मलम थांबवताच आग होते. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा १४ स्टेरॉइड मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीचे बंधन घातले. घटक न लिहिलेल्या गोरेपणाच्या मलमांत पारा असू शकतो आणि पाऱ्याने मूत्रपिंडे खराब होतात.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

वांग तीन महिने काळजी घेऊनही वाढत असेल, थोड्या उन्हानेही त्वचेची आग होत असेल किंवा गांधी उठत असतील, गालांवर लाल पुरळासोबत सांधे दुखत असतील, किंवा एखादा काळा डाग वाढत असेल, रंग बदलत असेल अथवा त्यातून रक्त येत असेल, तर तपासणी करून घ्यावी. फिकट आणि बधिर चट्टा हा उन्हाचा परिणाम नसून कुष्ठरोगाचे लक्षण असू शकतो. त्याचे औषध सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळते आणि वेळेत घेतल्यास रोग पूर्ण बरा होतो. साक्रीच्या ग्रामीण रुग्णालयात प्राथमिक तपासणी होऊ शकते, आणि पुढील उपचारांसाठी धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. वांग हळूहळू फिके होते. त्याला महिने लागतात आणि उन्हापासूनचे संरक्षण सुटले की ते परत येते. म्हणून औषध चालू असताना आणि ते थांबल्यावरही सावली, कापड आणि गरजेप्रमाणे रंगीत सनस्क्रीन चालू ठेवावे.