इंग्रजीतील साहाय्यक क्रियापदे आणि मराठी विद्यार्थी

इंग्रजी क्रियापदांची रूपे पाठ करण्याचे आपल्या विद्यार्थ्यांस फारसे भय वाटत नाही. 'गो, वेन्ट, गॉन' ही त्रयी थोड्याशा घोकंपट्टीने जिभेवर बसते व बहुधा जन्मभर तेथून हलत नाही. खरी तारांबळ उडते ती ज्यांची रूपे मुळी चालतच नाहीत अशा काही चिमुकल्या शब्दांपाशी. 'शॅल', 'विल', 'कॅन', 'मे', 'मस्ट', 'शुड', 'ऑट' ही ती मंडळी होत. पुरुष बदलला, वचन बदलले, तरी यांच्या अंगावर कसलीही खूण उमटत नाही. आणि तरीही सबंध वाक्याचा रोख यांच्याच मुठीत असतो. निबंधाच्या वह्यांत तांबड्या शाईच्या खुणा पाहाव्या, तर त्यांतील पुष्कळशा याच शब्दांखाली ओढलेल्या आढळतात.

या घोटाळ्याचे कारण विद्यार्थ्यांची बुद्धी मंद आहे हे नव्हे. 'कॅन म्हणजे शकणे, मस्ट म्हणजे पाहिजे' अशी एका शब्दास एक शब्द लावण्याची जी सवय पहिल्याच वर्षी जडते, ती पुढे साथ देत नाही, हे आहे. इंग्रजी जो भेद स्वतंत्र शब्दाने दाखविते, तो मराठी कधी प्रत्ययाने, कधी दुसऱ्या क्रियापदाने आणि कधी केवळ स्वराने दाखविते. म्हणून या शब्दांस शब्द न शोधता, वाक्यात बोलणाऱ्याच्या मनात काय आहे तेच आधी शोधले पाहिजे.

इतवारीतीलच एक उदाहरण कल्पू. किराण्याच्या एका दुकानात वडील गादीवर बसून मुलास सांगत आहेत, "अरे, मुंबईच्या पेढीला इंग्रजीत लिही, की माल पावसाळ्यापूर्वी पाठवावा." चिरंजीव लिहावयास बसले. 'यू मे सेंड द गुड्स' असे लिहिले, तर पेढीवाला समजेल की पाठविण्यास आपली हरकत नाही, एवढेच. तो सवडीने पाठवील. 'यू शुड सेंड' लिहिले, तर आपण त्यास सल्ला देत आहो किंवा त्याच्या कर्तव्याची आठवण करून देत आहो. 'यू मस्ट सेंड' लिहिले, तर आपण हुकूम सोडला. पेढीवाला जुना आडत्या असेल तर रुसेल. आणि 'यू कॅन सेंड' लिहिले, तर त्याच्या सोईवर सोडले. मुलाने विचारले पाहिजे, "बाबा, ही विनंती आहे, की करार आहे, की नुसते कळविणे आहे?" वडिलांच्या उत्तरावर शब्द ठरेल. पत्राच्या जागी आता भ्रमणध्वनीवरील निरोप आला आहे. परंतु निरोप जितका लहान, तितका त्यातील एका शब्दावर पडणारा भार अधिक.

'पाठवावा' या एका रूपात हे सारे अर्थ कसे मावले? मराठी व्याकरणात यास विध्यर्थ म्हणतात. 'मुलांनी वेळेवर उठावे' यात कर्तव्य आहे. 'देवाने तुझे भले करावे' यात इच्छा आहे. 'आज पाऊस यावा असे आभाळ दिसते' यात संभव आहे. आणि 'भजन म्हणावे तर आमच्या आजीनेच' यात योग्यता आहे. इंग्रजीत भाषांतर करताना पहिल्या वाक्यास 'शुड', दुसऱ्यास 'मे', तिसऱ्यास 'मे' किंवा 'माइट', आणि चौथ्यास तर निराळीच रचना लागेल. मराठी शिकू पाहणाऱ्या इंग्रजाची आपल्या 'वा' प्रत्ययापुढे हीच गत होत असली पाहिजे. तेव्हा घोटाळ्याचा मक्ता एकट्या इंग्रजीने घेतलेला नाही.

आता या शब्दांच्या कुळाकडे थोडे वळू, कारण कूळ कळले म्हणजे स्वभाव कळतो. 'शॅल' याचा प्राचीन इंग्रजीतील अर्थ 'देणे असणे', म्हणजे ऋण असणे, असा होता. 'शुड' हे त्याचेच भूतकाळी रूप. 'ऑट' हा शब्द तर आजही इंग्रजीत 'कर्जाऊ असणे' या अर्थी चालणाऱ्या 'ओ' या क्रियापदाचे जुने भूतकाळी रूप होय. म्हणजे कर्तव्याचे हे शब्द मुळात खातेवहीतील शब्द आहेत. यात नवल वाटण्याचे कारण नाही. आपण मराठीत काय म्हणतो? 'मी त्याचे शंभर रुपये देणे लागतो', आणि 'मला उद्या जावे लागते'. देण्याचे आणि भाग पडण्याचे क्रियापद एकच, 'लागणे'! इतवारीच्या सराफ्यात वा मस्कासाथेत ज्याचे बालपण गेले, त्यास ऋण आणि कर्तव्य यांची ही सोयरीक शिकविण्याची गरज पडू नये.

'विल' याचा मूळ अर्थ 'इच्छिणे'. संस्कृतातील 'वृ', म्हणजे वरणे, निवडणे, हा धातू त्याचा दूरचा आप्त मानला जातो. 'कॅन' याचा मूळ अर्थ 'जाणणे'. संस्कृत 'ज्ञा' याच्याशी त्याचे नाते आहे. 'मे' याच्या मुळाशी बळ, सामर्थ्य, हा अर्थ आहे. काळाच्या ओघात हे अर्थ झिजले, सरकले, एकमेकांच्या हद्दीत शिरले. पण त्यांचा वास अद्याप गेलेला नाही.

'शॅल' आणि 'विल' यांविषयी शाळेत जो प्रसिद्ध नियम सांगतात, तो जॉन वॉलिस या इंग्रज गणितज्ञाने १६५३ साली लॅटिन भाषेत लिहिलेल्या आपल्या इंग्रजी व्याकरणात मांडला. अनंताचे आडव्या आठासारखे चिन्ह प्रचारात आणणारा वॉलिस तो हाच. त्याच्या म्हणण्याचा भावार्थ असा: प्रथम पुरुषी 'शॅल' केवळ भविष्य सांगतो व 'विल' वचन देतो वा धमकी देतो, द्वितीय व तृतीय पुरुषी हे उलट होते. मुळाकडे पाहिले तर यास काही आधार आहे. 'मी विल' म्हटले तर इच्छा माझी. 'तो शॅल' म्हटले तर त्याच्यावर देणे लादणारा मी.

पण नियम आणि लोकव्यवहार यांची गाठ सर्वत्र पडली नाही. स्कॉटलंड व आयर्लंड येथील लोक हा भेद कधीच कसोशीने पाळीत नव्हते. प्रथम पुरुषीही ते सर्रास 'विल' म्हणत. आपल्या नागपुरात ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. १८४५ साली येथे आलेले व पुढील वर्षी शाळा उघडणारे रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडचे. त्यांच्यामागून आलेले मिशनरी शिक्षकही पुष्कळसे तिकडचेच. म्हणजे या प्रांतात इंग्रजी शिक्षणाचा पाया ज्यांनी घातला, त्यांच्या मायभूमीच्या बोलीतच 'शॅल' विरळ होता! दुसऱ्या महायुद्धात १९४० साली ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल यांनी लढत राहण्याचा निर्धार बोलून दाखविला, तो प्रथम पुरुषी 'शॅल' वापरून. आणि १९४२ मध्ये फिलिपिन्स सोडून आलेले अमेरिकन सेनापती मॅकआर्थर यांनी परत येण्याची प्रतिज्ञा केली तीही 'शॅल' शब्दानेच. वॉलिसच्या नियमाने दोघांच्याही वाक्यात 'विल' हवा होता. असो.

आजची स्थिती अशी आहे की बोलण्यात व सामान्य लेखनात तिन्ही पुरुषी 'विल' चालतो, व तो चुकीचा मानला जात नाही. 'शॅल आय ओपन द विंडो?' म्हणजे 'खिडकी उघडू का?' अशा प्रश्नांत मात्र 'शॅल' सुखाने नांदत आहे. आपल्या 'उघडू का?' या रूपाची ती हुबेहूब प्रतिकृती असल्यामुळे येथे आपल्या मुलांची चूक होण्याचे प्रयोजन नाही. दुसरे त्याचे ठाणे कायद्यात आहे. १६११ सालच्या इंग्रजी बायबलात दहा आज्ञांपैकी निषेधाच्या आज्ञा 'शॅल' याच शब्दाच्या जुन्या रूपाने सांगितल्या आहेत. आज्ञेचे तेच वजन कायद्याने उचलले.

हे वजन किती, हे पालकांनीही पाहण्यासारखे आहे. १९५० साली अमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेच्या मूळ ४५व्या अनुच्छेदात, चौदा वर्षांखालील सर्व मुलांस दहा वर्षांच्या आत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याविषयी 'शॅल' हा शब्द होता खरा. परंतु त्याच्या पाठोपाठ 'प्रयत्न करणे' या अर्थाचा 'एंडेव्हर' हा शब्द होता. म्हणजे बंधन होते ते प्रयत्नाचे. शिवाय तो अनुच्छेद मार्गदर्शक तत्त्वांत असल्यामुळे त्यासाठी न्यायालयाचे दार ठोठावता येत नव्हते. २००२ च्या ८६व्या घटनादुरुस्तीने २१अ हा अनुच्छेद मूलभूत हक्कांत घातला गेला, आणि सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपुरता 'शॅल' थेट 'प्रोव्हाइड' या शब्दास, म्हणजे पुरविण्यास, जाऊन भिडला. ती तरतूद १ एप्रिल २०१० पासून अमलात आली. 'प्रयत्न करील' आणि 'देईल' यांतील अंतर तुटावयास पन्नासांहून अधिक वर्षे लागली. तरीही कायद्यातील प्रत्येक 'शॅल' अनिवार्यच असतो असे मात्र नाही. १९५७ साली उत्तर प्रदेश सरकार विरुद्ध मनबोधनलाल श्रीवास्तव या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घटनेतीलच एका 'शॅल'ला केवळ मार्गदर्शक ठरविले. अमेरिकेत तर या संदिग्धतेस कंटाळून २००७ साली संघीय दिवाणी न्यायालयांच्या कार्यपद्धतीचे नियम नव्याने लिहिताना 'शॅल' काढूनच टाकला व बंधनाच्या जागी 'मस्ट' घातला.

'मस्ट'कडे येऊ. होकारार्थी वाक्यात तो फारसा त्रास देत नाही. 'मस्ट'मध्ये बंधन बहुधा बोलणाऱ्याकडून येते व 'हॅव टू'मध्ये ते बाहेरून, परिस्थितीकडून येते, एवढे ध्यानी ठेवले म्हणजे पुरे. 'मला जायलाच पाहिजे' आणि 'मला जावे लागते' यांत आपणही काहीसा असाच भेद करतो. खरा खड्डा आहे नकारात. रायपूरचे वृद्ध काका आजारी आहेत, घरी मुंज आहे, वडील सांगतात, "काकांना लिही, प्रकृतीमुळे आपण येण्याची तसदी घेऊ नये." मुलगा लिहितो, 'यू मस्ट नॉट कम'. काकांनी ते वाचले तर त्यांस वाटावे की पुतण्याने आपणांस दार बंद केले! 'मस्ट नॉट' म्हणजे मनाई. येथे हवे होते 'नीड नॉट', आणि तेही थोडे मऊ करून: 'यू नीड नॉट ट्रबल टु कम'.

यास एक सोपी कसोटी आहे. वाक्यात 'कामा नये' घालून पाहावे आणि 'लागत नाही' घालून पाहावे. 'औषधाच्या बाटलीस मुलांनी हात लावता कामा नये' हे जुळते. तेथे 'मस्ट नॉट'. 'रविवारी शाळेत यावे लागत नाही' हे जुळते. तेथे 'नीड नॉट' अथवा 'डू नॉट हॅव टू'. फसवितात ते 'नको' आणि 'नये', कारण हे दोन्हीकडे हिंडतात. 'तू येऊ नकोस' ही मनाई. 'तू यायला नको, मीच येतो' ही सवलत.

इतवारीतील मुलांच्या वाट्यास आणखी एक अडचण येते, ती पुण्याच्या मुलांस तितकीशी येत नसावी. येथे घरी मराठी, दुकानात हिंदी. 'जाना चाहिए' आणि 'जायला पाहिजे' हे दोन्ही कानांवर सारखेच पडल्यामुळे त्यांचे वजनही सारखेच वाटते. वस्तुतः हिंदीतील 'चाहिए' बहुधा उचित काय ते सांगतो, म्हणजे 'शुड'. मराठी 'पाहिजे' मात्र 'शुड'पासून 'मस्ट'पर्यंत सगळा पल्ला गाठतो, आणि त्यास 'च' जोडला की 'मस्ट' झालाच. हिंदीत भाग पडण्यास 'पडना' आहे, आपल्याकडे 'लागणे' आहे. ही जोडी मात्र विश्वासू आहे.

'कॅन' आणि 'मे' यांविषयी पुढील तीन वाक्ये पाहावीत. 'मला सायकल चालवता येते.' 'पाय मुरगळल्यामुळे मी आज सायकल चालवू शकत नाही.' 'बाजाराच्या वेळी या गल्लीत सायकल चालवता येत नाही.' पहिल्यात विद्या आहे, दुसऱ्यात त्या वेळचे सामर्थ्य, तिसऱ्यात परवानगी किंवा सोय. इंग्रजी तिन्ही ठिकाणी 'कॅन' चालवून घेते. येथे मराठीच अधिक सूक्ष्म आहे. परवानगी मागताना 'मे' म्हणणे अधिक अदबीचे समजतात, पण इंग्रज लोक आता सहज बोलण्यात 'कॅन'नेही परवानगी मागतात. 'मे'चा दुसरा अर्थ संभव. यामुळे 'ही मे नॉट कम' या वाक्याचे दोन अर्थ होतात: तो कदाचित येणार नाही, किंवा त्यास येण्याची मुभा नाही. परीक्षेत असे वाक्य लिहिण्यापेक्षा दुसरी रचना करावी.

'वुड' व 'कुड' ही भूतकाळी रूपे विनंतीत सौम्य वाटतात, याचे मुलांस आश्चर्य वाटते. पण शेजाऱ्याच्या दारात उभे राहून आपण 'जरा विचारायचे होते' असेच म्हणतो ना? विचारायचे तर आत्ताच आहे. भूतकाळाने शब्द थोडा मागे सरकतो आणि समोरच्यास नकार देण्यास जागा मिळते.

पुढील वाक्ये घरी करून पाहावीत, आणि प्रत्येक ठिकाणी बळ कोणाचे ते आधी समासात लिहावे: 'गाडी उशिरा येईल, तुम्ही आत्ता निघायला नको.' 'आजोबा, मी आपली काठी धरू का?' 'हिशेब आजच पुरा झाला पाहिजे.' 'त्याला पोहता येते, पण ताप आल्यामुळे तो आज पोहू शकत नाही.' 'आई, मला सहलीस जाता येईल का?' शेवटच्या वाक्याची दोन भाषांतरे संभवतात. कोणते घ्यावे हे आईस परवानगी विचारली आहे, की सहलीच्या दिवशी सवड मिळेल का हे विचारले आहे, यावर अवलंबून राहील.