पदवीचे विषय ठरवण्याआधी शेवटची अट वाचा

बारावीनंतर आधी साधी पदवी घ्यायची आणि मग कायदा, शिक्षण, व्यवस्थापन किंवा संगणक असा एखादा व्यावसायिक अभ्यासक्रम करायचा, हा मार्ग ग्वाल्हेरच्या मराठी घरांना नवा नाही. अटलबिहारी वाजपेयी याच शहरातल्या व्हिक्टोरिया कॉलेजातून, म्हणजे आजच्या महाराणी लक्ष्मीबाई महाविद्यालयातून, हिंदी, संस्कृत आणि इंग्रजी घेऊन बी.ए. झाले. पुढे कानपूरच्या डीएव्ही कॉलेजात त्यांनी राज्यशास्त्रात एम.ए. केले आणि वडिलांसोबत एकाच वर्गात बसून कायद्याचा अभ्यास सुरू केला. भाषा घेऊन पदवीधर झालेल्याला तेव्हा कायद्याचे दार उघडे होते आणि आजही आहे. तरीही दर उन्हाळ्यात इथल्या दौलतगंजातल्या पालकांना एकच प्रश्न छळतो: पदवीला कोणता विषय घेतला म्हणजे पुढच्या प्रवेशात मुलाचे वजन वाढेल? माझ्या मते या प्रश्नाची मांडणीच पालकांना भलत्या वाटेवर नेते. आपल्याकडे पदवीचा विषय सहसा वजन वाढवत नाही. तो एखादे दार उघडतो, नाहीतर कायमचे बंद करतो. वजन वाढवतात ते गुण आणि प्रवेश परीक्षा. म्हणून विषय ठरवताना पुढच्या अभ्यासक्रमाच्या प्रवेशाची अट वाचून थांबू नये. त्या अभ्यासक्रमानंतर जी नोकरी किंवा जो व्यवसाय हवा आहे, त्याची अट आधी वाचावी आणि तिथून उलटे मागे यावे.

कायद्यापासून सुरुवात करू. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या 2008 च्या नियमांत तीन वर्षांच्या एलएल.बी.साठी कोणत्याही शाखेची पदवी चालते. अट आहे ती टक्केवारीची: खुल्या वर्गाला 45, इतर मागासवर्गाला 42, अनुसूचित जाती-जमातींना 40. त्यामुळे ‘वकील व्हायचे तर राज्यशास्त्र घ्यायलाच हवे’ या समजुतीला नियमात कुठेही आधार नाही. दिल्ली विद्यापीठ किंवा बनारस हिंदू विद्यापीठात जायचे तर सीयूईटी-पीजी द्यावी लागते, बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलने 2022 मध्ये सुरू केलेल्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी त्यांची स्वतःची परीक्षा आहे, आणि पुण्या-मुंबईसाठी महाराष्ट्राची सीईटी. महाराष्ट्राची परीक्षा मराठीतूनही देता येते, पण मध्य प्रदेशचा रहिवासी दाखला असलेले मूल तिथे परराज्यातले ठरते, हे पुण्याच्या आत्याकडे राहायची सोय आहे म्हणून विसरू नये. या कोणत्याही परीक्षेत ‘तू बी.ए.ला काय घेतले होतेस’ असा रकाना गुण वाढवत नाही. तिथे वाचनाचा वेग, तर्क आणि चालू घडामोडी यांचा कस लागतो.

मग कायद्याच्या विद्यार्थ्याने काहीही घ्यावे का? इथेच उलटे वाचण्याचा उपयोग कळतो. पेटंटच्या कामाकडे पाहा. पेटंट कायद्याच्या कलम 126 प्रमाणे पेटंट एजंट म्हणून नोंदणी व्हायची तर विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागते, त्यानंतर पात्रता परीक्षा. इतिहासात पहिला आलेला आणि एलएल.बी.तही पहिला आलेला मुलगा वकील म्हणून पेटंटचे खटले लढवू शकेल, पण पेटंट एजंट होऊ शकणार नाही. रसायनशास्त्रात साधारण गुणांनी बी.एस्सी. झालेली आणि नंतर कायदा शिकलेली मुलगी मात्र होऊ शकेल. आयआयटी खरगपूरच्या कायद्याच्या अभ्यासक्रमातही विज्ञान-तंत्रज्ञानाची पार्श्वभूमी आणि प्रथम श्रेणी मागतात. म्हणजे ज्या मुलीला रसायनशास्त्र आवडते आणि घरचे कायद्यासाठी तिला बी.ए.कडे वळवत आहेत, तिच्या हातून ते एक दुर्मीळ दार काढून घेत आहेत. न्यायाधीश व्हायचे असेल तर विषयाचा प्रश्नच येत नाही, वेळेचा येतो. 20 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीशाच्या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. तीन वर्षे पदवी, तीन वर्षे कायदा, तीन वर्षे वकिली. अठराव्या वर्षी सुरुवात केलेला मुलगा सत्तावीस वर्षांचा होईपर्यंत त्या परीक्षेला बसू शकत नाही. घरची आर्थिक तयारी या हिशेबाने हवी.

शिक्षकी पेशात हा हिशेब सर्वांत जास्त चुकतो, आणि मुलींच्या बाबतीत तर ‘बी.ए. करून बी.एड. कर’ हा सल्ला इतक्या सहज दिला जातो की विषयांकडे कुणी पाहतच नाही. बी.एड.च्या प्रवेशाला राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेची, म्हणजे एनसीटीईची, अट ढोबळ आहे: पदवीला किमान 50 टक्के, अभियांत्रिकीला 55. पण नोकरीची जाहिरात ढोबळ नसते. केंद्रीय विद्यालयातल्या प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाची, म्हणजे टीजीटीची, सामाजिक शास्त्रांसाठीची अट बघा. इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र या चारपैकी कोणतेही दोन विषय पदवीला हवेत, आणि त्या दोनपैकी एक इतिहास किंवा भूगोल असलाच पाहिजे. आता एका मुलीने राज्यशास्त्र, अर्थशास्त्र आणि हिंदी साहित्य घेऊन बी.ए. केले असे समजा. तिचे दोन विषय यादीतले आहेत, गुण उत्तम आहेत, बी.एड. झाले आहे, पात्रता परीक्षाही ती उत्तीर्ण झाली. तरीही ती या पदाला अपात्र, कारण इतिहास नाही आणि भूगोलही नाही. हिंदीच्या जागी इतिहास घेतला असता तर ती पात्र ठरली असती. गणिताच्या शिक्षकाला गणिताबरोबर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, संगणकशास्त्र, सांख्यिकी यांपैकी दोन विषय लागतात. विज्ञानाच्या शिक्षकाला वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र आणि रसायनशास्त्र. त्यावर त्या विषयांच्या जोडीत आणि एकूण बेरजेतही 50 टक्क्यांची अट असते. एकोणिसाव्या वर्षी सोपा वाटला म्हणून घेतलेला विषय चोविसाव्या वर्षी असा आडवा येतो, आणि तेव्हा दुरुस्तीला दुसरी पदवी घेण्यावाचून फारसा मार्ग उरत नाही. प्राथमिक शाळेचा आधारही आता नाही: 11 ऑगस्ट 2023 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बी.एड. ही पहिली ते पाचवीच्या शिक्षकासाठीची पात्रता मानता येणार नाही असे स्पष्ट केले. म्हणजे मध्य प्रदेशात ज्याला लोक वर्ग-3 म्हणतात ती भरती बी.एड.वाल्यांच्या हातून गेली. त्यावरच्या इयत्तांच्या वर्ग-2 आणि वर्ग-1 या भरतींत विषयच सारे ठरवतो, आणि वर्ग-1 ला तर त्या विषयातली पदव्युत्तर पदवी लागते.

नव्या शैक्षणिक धोरणाने हे काम सोपे केले आणि अवघडही. मध्य प्रदेशाने ते 2021-22 पासून महाविद्यालयांत लागू केले, देशात सर्वांत आधी लागू करणाऱ्या राज्यांत त्याची गणना होते. जीवाजी विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात आज मुलाला मेजर, मायनर, ऐच्छिक आणि व्होकेशनल अशा खणांतून विषय निवडावे लागतात. विज्ञानाच्या मुलालाही दुसऱ्या शाखेचा विषय घेता येतो, ही चांगली गोष्ट आहे. पण भरतीच्या बऱ्याच अटी जुन्या पद्धतीच्या, म्हणजे तीन विषय तिन्ही वर्षे शिकण्याच्या, बी.ए.-बी.एस्सी.ला धरून लिहिल्या गेल्या. एखादा विषय पहिल्याच वर्षी ऐच्छिक म्हणून घेतला आणि मग सोडला, तर भरतीच्या वेळी तो विषय ‘पदवीला होता’ असे कुणी मानेल याची खात्री नाही. ज्या विषयावर पुढची पात्रता उभी राहणार आहे तो मेजर किंवा मायनर म्हणून शेवटच्या वर्षापर्यंत गुणपत्रिकेवर दिसला पाहिजे. ऐच्छिक आणि व्होकेशनलच्या खणात मात्र मुलाला मोकळे सोडावे. तिथेही कधी लाभ दडलेला असतो. बी.पी.एड.साठी एनसीटीईच्या 2014 च्या नियमावलीत पदवीला 50 टक्के आणि स्पर्धांतला सहभाग अशी एक वाट आहे, पण पदवीला शारीरिक शिक्षण हा अनिवार्य किंवा ऐच्छिक विषय शिकलेल्याला 45 टक्क्यांवरही अर्ज करता येतो. 1957 मध्ये स्थापन झालेली लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था ज्या शहरात आहे, तिथल्या खेळाडू मुलांना तरी हे कलम माहीत असायला हवे.

यावर पहिला आक्षेप येतो तो गुणांचा. ‘विषय कोणताही असो, ज्यात गुण भरपूर मिळतात तोच घ्यावा, कारण शेवटी टक्केच बघतात.’ यात निम्मे सत्य आहे, आणि ते सत्य राज्याप्रमाणे बदलते. मध्य प्रदेशात बी.एड.चे प्रवेश उच्च शिक्षण विभागाच्या ऑनलाइन समुपदेशनातून, पदवीच्या गुणांच्या यादीवर होतात. तिथे प्रत्येक टक्का मोजला जातो. शंभर किलोमीटरवरच्या झाशीत, उत्तर प्रदेशात, संयुक्त प्रवेश परीक्षा आहे, महाराष्ट्रात सीईटी आहे. तिथे पदवीचे टक्के उंबरठ्यापुरते पुरतात. म्हणजे ग्वाल्हेरमध्येच बी.एड. करायचे असेल तर गुणांचा विचार जरूर करावा, पण पात्रतेच्या यादीत बसणाऱ्या विषयांच्या आत राहून करावा. इतिहास आणि भूगोल यांपैकी ज्यात मुलगी चांगले लिहिते तो निवडणे हा शहाणपणा. दोन्ही सोडून तिसरेच काहीतरी घेऊन ऐंशी टक्के मिळवणे हा तोटा.

दुसरा आक्षेप प्रतिष्ठेचा. बी.एस्सी.ला वजन असते, बी.ए.ला नसते, असे आपल्या घरांत अजून मानतात. एमबीएच्या बाबतीत तर हा समज उलटाच पडतो. कॅट या प्रवेश परीक्षेला पदवीत 50 टक्के असलेला कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना 45 पुरतात. काही आयआयएम तर अभियांत्रिकीबाहेरच्या पदवीधरांना विविधतेचे वेगळे गुण देतात. गणिताची भीती असेल तर ती पदवीच्या तीन वर्षांत घालवावी लागते, कारण कॅटच्या तीन भागांपैकी एक संपूर्ण गणिताचा आहे. पण त्यासाठी बी.एस्सी.च घ्यायला हवी असे नाही. गणित खरेच आडवे येते ते एमसीएसाठी. भोपाळच्या मॅनिटसारख्या संस्थांत नेणाऱ्या निमसेट या परीक्षेला पदवीतच गणित किंवा सांख्यिकी असावी लागते. वाणिज्य शाखेत सनदी लेखापालाचे उदाहरण घ्या: पदवीनंतर फाउंडेशन परीक्षा टाळून थेट इंटरमिजिएटला जायचे तर वाणिज्य पदवीधराला 55 टक्के पुरतात, इतरांना 60 लागतात. विषयाचा फायदा असा पाच टक्क्यांइतका नेमका आणि लेखी असतो. जे लेखी नाही त्या ‘वजना’वर तीन वर्षे लावू नयेत.

वैद्यकीय शिक्षणाबद्दल थोडक्यात. नीटमध्ये यश आले नाही म्हणून बी.एस्सी. बायोलॉजीला घातलेल्या मुलांना ‘पदवीनंतर एमबीबीएस सोपे जाईल’ असे सांगितले जाते. आपल्या देशात पदवीधरांसाठी एमबीबीएसचा वेगळा प्रवेश नाही. ग्वाल्हेरच्या गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयात बारावीचे मूल ज्या नीटमधून जाते, त्याच नीटमधून पदवीधरालाही जावे लागते आणि बी.एस्सी.चे गुण तिथे मोजले जात नाहीत. अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण पदवीनंतरच सुरू होते आणि त्यासाठी जीवशास्त्र, रसायन, भौतिकशास्त्राचे ठराविक पेपर प्रयोगशाळेसह करावे लागतात, मेजर मात्र साहित्यही चालते. तिकडच्या नातेवाइकांचा सल्ला तिकडच्या नियमांना धरून बरोबरच असतो, पण तो ग्वाल्हेरला लागू होत नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळा आहे: सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला आपली शेवटची नोकरी कुठे ठाऊक असते? आणि पाच वर्षांत नियम बदलले तर? दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. 2023 आणि 2025 चे वर सांगितलेले दोन निकाल हाच त्याचा पुरावा. पण अनिश्चितता आहे म्हणून अट वाचायचीच नाही, हे त्यावरचे उत्तर नव्हे. ज्याचे मन ठरलेले नाही त्याने असे विषय निवडावेत की एकाऐवजी दोन-तीन दारे उघडी राहतील. इतिहास आणि अर्थशास्त्र घेणाऱ्याला कायदाही मोकळा, शिक्षकीही आणि एमबीएही. गणित, भौतिकशास्त्र, संगणकशास्त्र घेणाऱ्याला शिक्षकी, एमसीए, एमबीए आणि कायदा, त्यात पेटंटसुद्धा. निर्णय पुढे ढकलायचा हक्क मुलाला जरूर द्यावा. मात्र आवड नसलेला विषय केवळ दार उघडते म्हणून लादू नये. मेजरमध्ये कसेबसे पंचेचाळीस टक्के मिळाले तर एमबीए आणि बी.एड.ची पन्नासची अटच पुरी होत नाही, मग उघडलेल्या दाराचा उपयोग काय?

फॉर्म भरण्याआधी पालकांनी आणि मुलांनी एक संध्याकाळ एकत्र बसावे. मुलाला आवडतील अशा दोन-तीन पदांच्या अलीकडच्या जाहिराती संबंधित विभागाच्या संकेतस्थळावरून काढाव्यात, पात्रतेच्या परिच्छेदाखाली पेन्सिलीने रेघ ओढावी आणि कॉलेजात मिळणारे मेजर-मायनर त्याच्याशी ताडून पाहावेत. शंका असेल तर कोचिंगवाल्याला न विचारता विभागाला लेखी विचारावे. आणि प्रवेश होऊन गेला असेल, तर विषय बदलण्याची मुदत किती तारखेपर्यंत आहे हे उद्याच कॉलेजच्या कार्यालयात जाऊन विचारून या.